आवाज बंद करून शिकलेली जपानी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भाचा लॅपटॉपवर जपानी शब्दांचा एक खेळ खेळत बसला होता आणि मी त्याच्यामागे पलंगावर बसून त्याची छापील शब्दयादी चाळत होते. पडद्यावर एकेक वस्तू उजळायची आणि तिच्याखाली जपानी अक्षरांत चार शब्द यायचे. त्यांतला बरोबर शब्द घड्याळाचा काटा फिरून जायच्या आत टिपायचा. पोराचा हात इतका बसला होता की चित्र पुरते उमटायच्या आधीच तो बटण दाबून मोकळा होई आणि कोपऱ्यातले गुण वाढत जात. छत्री आली, त्याने शब्द टिपला. थोड्या वेळाने पुन्हा छत्री आली, पुन्हा बरोबर. मी सहज यादीतला तोच शब्द मोठ्याने वाचला आणि विचारले, "कासा म्हणजे काय रे?" तो थांबला. "कासा?" त्याने तोंडात घोळवून पाहिले. "नाही गं आत्या, हा आमच्यात नाही बहुतेक." मी यादी त्याच्यापुढे धरली. रोमन अक्षरांकडे त्याने बघितलेच नाही; शेजारच्या जपानी अक्षरांवर नजर गेली आणि चेहरा खुलला. "हां, हा होय! दोन अक्षरी, शेवटचं ते इंग्रजी पाच आरशात बघितल्यासारखं. छत्री की!"

वर्णन अगदी अचूक होते. हिरागाना या जपानी उच्चारलिपीतले 'चि' हे अक्षर इंग्रजी पाचाच्या आकड्यासारखे दिसते आणि 'सा' त्याच्या उलट तोंडाचे. छत्रीचा शब्द त्याने त्या उलट्या पाचावरून पक्का केला होता, आणि तो शब्द कानावर पडला तेव्हा त्याला ओळखीचा वाटला नव्हता, कारण तो त्याच्या कानावर याआधी कधी पडलाच नव्हता. पलीकडच्या खोलीत आईची मालिका लागलेली असते, त्या वेळी हा आवाज पूर्ण बंद करून खेळतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराला भिंती आहेत, पण त्या आवाज अडवण्यासाठी बांधलेल्या नाहीत. गुण मात्र त्याला जवळजवळ पूर्ण मिळत होते. मग हा जे शिकला ते नेमके काय, हा प्रश्न त्या रात्री माझ्या डोक्यात शिरला तो नंतर बरेच दिवस निघाला नाही.

खेळाची थट्टा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये काम करतो, दुसऱ्या पाळीहून परत येतो तेव्हा त्याच्या अंगात पुस्तक उघडण्याचे त्राण नसते, आणि त्याला जपानला जायचे आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून ठराविक कौशल्याच्या परदेशी कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासंबंधी सहकार्याचा करार केला, आणि तेव्हापासून डिप्लोमा झालेल्या मुलांच्या गप्पांत पुण्या-बंगळुरूच्या जोडीने ओसाका-नागोयाही येऊ लागले. पण त्या वाटेवर भाषेची परीक्षा आहे. अशा माणसाने दमलेल्या डोळ्यांनी रोज थोडे खेळावे आणि त्यातून दहा शब्द डोक्यात राहावेत, यात वाईट काय? आमच्या काळी अशी सोय असती तर संस्कृतची रूपे पाठ करताना मी इतकी रडले नसते.

हे खेळही सगळे एका जातीचे नाहीत. त्याने मला दाखवले तेव्हा कळले की एका प्रकारात अक्षर हाच शत्रू असतो. 'लर्न जॅपनीज टू सर्व्हाइव्ह : हिरागाना बॅटल' हा २०१६ सालचा खेळ तसला; हिरागानातली अक्षरे हातपाय फुटून अंगावर येतात आणि त्यांचा उच्चार बरोबर ओळखला की घाव बसतो. 'स्लाइम फॉरेस्ट ॲडव्हेंचर' नावाच्या जुन्या खेळात बुळबुळीत गोळे आडवे येतात, ज्याच्यावर जे अक्षर असेल त्याचा उच्चार टंकून त्याला लोळवायचे. दुसरा प्रकार घरातल्या वस्तूंचा. २०१४ साली आलेल्या 'इन्फ्लुएंट'मध्ये आपण एका सदनिकेत मोकळे फिरतो, खुर्ची, खिडकी, किल्ली यांच्यावर टिचकी मारली की ज्याची ती मातृभाषा आहे अशा माणसाच्या आवाजात तिचे नाव ऐकू येते, आणि मग घड्याळ लावून त्याच वस्तू शोधायच्या. म्हणजे आवाज देण्यात खेळ करणाऱ्यांनी काही कसूर ठेवलेली नाही. मात्र आवाज बंद करूनही पूर्ण गुण मिळतात, अशी एक फट कुठेतरी राहून जाते, आणि खेळणाऱ्याची बुद्धी ती फट शोधून काढल्याशिवाय राहत नाही. बुद्धीचे कामच ते आहे.

भाच्याचा बापही याच बाबतीत वस्ताद होता, हे मला नंतर आठवले. १९९०च्या दशकात मे महिन्याच्या सुटीत राजारामपुरीतल्या एका घरी तासावर टीव्ही गेम खेळायला मिळायचा. दारातच चपलांचा ढीग, आत मुलांच्या घामाचा आणि तापलेल्या टीव्हीचा वास, कॅसेट नीट लागली नाही की तिच्या फटीत फुंकर मारायची. १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' निघाला, त्याच्या नकला फिरत फिरत आमच्या गल्लीपर्यंत आल्या होत्या, आणि काही कॅसेटींचा पहिला पडदाच जपानी अक्षरांचा असे. ती अक्षरे आहेत की नक्षी, याची चौकशी कुणी करत नसे. भाऊ मला ऐटीत सांगायचा, "तिसरी ओळ दाब, वरच्या दोन दाबल्यास तर सगळं पहिल्यापासून." कोल्हापूरच्या त्या अंधाऱ्या खोलीत डझनभर मुले जपानी भाषेतल्या सूचना बिनचूक पाळत होती आणि त्यांतल्या एकालाही त्या भाषेचे अक्षर येत नव्हते. मुलगा बापापेक्षा बराच पुढे गेला आहे. त्याला निदान अर्थ माहीत आहे.

मी हे त्याला बोलून दाखवले तेव्हा त्याने वकिलासारखा मुद्दा मांडला. "परीक्षेत तरी दुसरं काय असतंय? चारच पर्याय की." ते खरे आहे. जपानी भाषेची जेएलपीटी ही प्रसिद्ध परीक्षा १९८४ पासून चालू आहे, २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन ५, आणि अगदी वरच्या एन १ पर्यंत कुठेही तोंड उघडून बोलायला लावत नाहीत. पर्याय निवडायचा आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. व्हिसासाठी एन ४ किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. पण श्रवणाचा भाग प्रत्येक पायरीवर आहे, हे मी म्हणताच तो गप्प झाला आणि मग "ते पुढं बघू" असे म्हणून पुन्हा खेळाकडे वळला.

त्याच्या बाजूने बोलायचे तर संशोधनही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेत राहणाऱ्यांच्या तो आठवडाभराने अधिक लक्षात राहतो. पाच मिनिटांनी विचारले तर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे असतात. खेळ म्हणजे दुसरे काय, अखंड परीक्षाच. त्याआधी १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरजोडणी स्वतःच पाठ करून, ती किती वेगाने विसरली जाते याचा आलेख काढला होता, आणि पहिला उतार भयंकर तीव्र निघाला. जपानी शब्द पहिल्यांदा कानावर येतो तेव्हा आपल्यासाठी तोही तसलीच अर्थहीन अक्षरजोडणी असतो. त्या उतारावर मध्येमध्ये पाय रोवण्यासाठी सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली : आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्यात. आजच्या बऱ्याच शब्दखेळांच्या पोटात हीच पेटी आहे, वरून फक्त तलवारी आणि राक्षस चिकटवलेले. एवढे सगळे मान्य करूनही माझ्या मनाचा अडसर निघेना, कारण या प्रयोगांत आठवून सांगायचे असते, आणि भाचा चारांतून ओळखत होता. समोरून जाणारा माणूस ओळखणे निराळे आणि तो नसताना त्याचे नाव ओठांवर येणे निराळे.

आमचे शिक्षण नेमके उलट्या बाजूने लंगडे होते.

प्राथमिक शाळेत, दुपारच्या सुटीआधी, आम्ही पाढे ओरडायचो. म्हणायचो असे लिहिणे खोटे ठरेल. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. कौलांवर पाऊस आणि खाली साठ गळे, बाईंच्या हातातली पट्टी टेबलावर ठेका धरणारी. मधूनच बाईंनी बोट रोखून "सात आठी?" विचारले की मी मनात सात एकेपासून पळत सुटायची आणि छप्पन्नाशी येऊन धापा टाकायची. आवाज माझ्याकडे सगळा होता, पण त्या आवाजाला दार नव्हते. मधून आत शिरता येत नसे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि पाढ्यांच्या चिठ्ठ्या करून मुलांना उलटसुलट विचारू लागले, ते याच रागातून. भाच्याकडे अर्थ आहे आणि आवाज नाही. माझ्याकडे आवाज होता आणि अर्थ नंतर आला. दोन्हींत बरे कोणते, असे मला कुणी विचारले तर मी आवाजाला मत देईन. जिभेवर बसलेली गोष्ट पुढे कधी ना कधी आपला अर्थ शोधते. नुसता डोळ्याला ठाऊक असलेला शब्द कुणाच्या तोंडून ऐकला तर तो आपलाच आहे, हेही कळत नाही.

मग मीही खेळून पाहिले. आवाज चालू ठेवून, आई देवळात गेली असताना. मला पहिल्यांदा खटकली ती इंग्रजीची देवडी. उच्चार रोमन अक्षरांत, अर्थ इंग्रजीत. म्हणजे मांजर दिसले की आधी 'कॅट'कडे जायचे, तिथून 'नेको'कडे, आणि मराठी कुठेच नाही. खरे तर या बाबतीत आपला हात इतका वरचा आहे की त्या खेळांनी आपल्याकडून शिकावे. हिरागानातली ४६ अक्षरे ज्या क्रमाने मांडतात तो क्रम बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या लिपीच्या आणि संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून घेतलेला आहे : आधी पाच स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. कंठापासून ओठांकडे येणारी आपली वर्णमालाच ती. 'न' आणि 'म' यांच्या मध्ये 'ह' कसा शिरला म्हणाल, तर जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'प' होता, आणि 'प' तर तिथेच बसायचा. हे वाचले त्या दिवशी मी संबंध तक्ता बाराखडीच्या चालीवर भाच्याला म्हणून दाखवला. तो म्हणाला, "नाद खुळा, आत्या," आणि अक्षरे पुन्हा खेळातल्याच क्रमाने पाठ करू लागला. पोरांना आपली जुनी संपत्ती दाखवू नये, दाराशी ठेवून यावे.

दुसरे म्हणजे ती खेळातली खोली. तिच्यात मादो, इसु, कागि, रेईझोको आहे. खिडकी, खुर्ची, किल्ली, फ्रिज. मी आमच्या स्वयंपाकघरात फिरून पाहिले. फ्रिजपाशी शब्द लगेच आला, खुर्चीपाशीही आला, मग पोळपाट, मिसळणाचा डबा, देव्हारा आणि उंबऱ्याशी वाळत घातलेली चुंबळ यांच्यासमोर मी मुकाट उभी राहिले. त्यात खेळाचा गुन्हा काही नाही, जपानी माणसाच्या घरात पोळपाट कशाला असेल. तरी आपल्याच घरातल्या निम्म्या वस्तू त्या भाषेत बेवारशी आहेत, हे पाहून उगाच चुटपुट लागली.

आवाजाचा खरा धडा मला 'बिरु'ने दिला. बिरु म्हणजे मोठी इमारत आणि बीरु म्हणजे बिअर. फरक फक्त इकार किती वेळ धरायचा याचा. आता ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना मराठी माणूस व्याकरणाचे पुस्तक उघडतो, पण बोलताना आपल्या तोंडी हा फरक जवळजवळ राहिलेला नाही. म्हणून तर शुद्धलेखनात सगळ्यांचे गुण जातात. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत वेलांट्या दुरुस्त करणारी मी, लॅपटॉपमधल्या त्या बाईचा बिरु आणि बीरु वेगळा ओळखू शकत नव्हते. भाचा मात्र क्षणात सांगायचा, कारण काताकाना या परक्या शब्दांसाठीच्या लिपीत लांब स्वरासाठी एक आडवी रेघ असते आणि ती त्याला दिसत होती. कान बंद ठेवल्याचा एवढा एक फायदा त्याच्या पदरी होता, हे मी प्रामाणिकपणे मान्य केले. आई हे ऐकत होती. तिने मध्येच सांगितले की तिला एक जपानी नाव लहानपणापासून पाठ आहे : इशी. १९५२ साली हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांना हरवून ज्याने सुवर्णपदक नेले तो शोहाची इशी. आमच्या आजोबांच्या तोंडी हे नाव असे काही यायचे, जणू तो गंगावेशीतल्या शेजारच्या तालमीचाच पैलवान. जपानीत त्या नावातला शेवटचा इकार लांबवतात आणि आखूड ठेवला तर त्याचा दगड होतो. आई तो न शिकता बरोबर लांबवते.

आणि भाच्याकडेही असे शब्द होतेच, आम्हाला दोघांना ते मोजायचे सुचले नव्हते. त्याच्या मशीन शॉपच्या भिंतीवर पाच जपानी शब्दांचा फलक आहे, उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत पुष्कळ कारखान्यांत असतो तसा : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते वेगळे काढणे, हवे ते जागच्या जागी ठेवणे, सफाई, ती सफाई रोजच्या रीतीत बसवणे, आणि अंगी शिस्त. सुपरवायझर पाळी सुरू होताना हे सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो, आणि मराठी तोंडात पडून त्यांची सेइसो केव्हाच 'सैसो' झाली आहे. लेथखालचा लोखंडाचा कीस झाडून काढताना पोरे एकमेकांना "सैसो झालं का?" विचारतात. हे शब्द त्याने कुठल्याही पडद्यावर पाहून ओळखलेले नाहीत. हाताला तेल लागलेले असताना ते आले. मी कुठलाही शब्द मधूनच विचारला तरी तो अडखळला नाही, आणि जपानीत लिहून दाखवले तेव्हा मात्र एकही ओळखता आला नाही. दोन खिशांत दोन वेगळ्या नाण्यांसारखी त्याची जपानी भाषा विभागलेली आहे, आणि एका खिशातले दुसऱ्यात चालत नाही.

आता घरात तह झाला आहे. मालिका संपली की अर्धा तास लॅपटॉपचा आवाज त्याचा, आणि त्या अर्ध्या तासात चित्रावर बोट ठेवण्याआधी शब्द तोंडाने म्हणायचा. वेग पडला, गुण घसरले, आणि पहिला आठवडा तो माझ्यावर चिडून होता. मला स्वतःला काताकानातल्या 'शि' आणि 'त्सु'ने अजून दाद दिलेली नाही; दोन तिरके ठिपके आणि एक रेघ, फरक काय तो त्यांच्या कलण्यात, आणि घड्याळ तर माझ्या वयाची भीड बाळगत नाही.

मध्यंतरी त्याने एका मित्राकडून जपानी भाषेतलाच, लहान मुलांसाठी केलेला एक जुना खेळ आणला. यात शिकवणे वगैरे काही नाही. १९९६ साली जपानमध्ये पहिला 'पोकेमॉन' आला तेव्हा तो ज्यावर खेळायचा त्या 'गेम बॉय' या हातातल्या यंत्राचा पडदा इतका बारीक होता की त्यावर कांजी, म्हणजे चिनी वळणाची गुंतागुंतीची अक्षरे, नीट उमटणे कठीण, म्हणून सगळा मजकूर हिरागाना-काताकानात आणि शब्दांमध्ये जागा सोडून लिहिलेला होता. एरवी जपानी लिहिताना शब्द तोडत नाहीत. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या २१३६ कांजींची धास्ती घेतलेल्या माणसाला असा जुना बालखेळ हा मोठा आधार वाटतो. हा खेळही तसाच आहे. गावातली पात्रे येऊन काहीबाही बोलतात, आणि खाली चार पर्याय नसतात. उलट्या पाचावरून इथे काही साधत नाही. त्यामुळे भाचा आपोआप ओठ हलवत वाचतो, अडतो, पुन्हा वाचतो, आणि ओळखीचा शब्द लागला की जोराने म्हणतो. वाक्याचा शेवट येईपर्यंत क्रियापदाची वाट पाहणे आपल्याला नवे नाही, मराठीतही ते शेवटीच असते. इंग्रजीची देवडी या जागी निदान आडवी येत नाही. काल एका म्हातारीच्या बोलण्यावरून आमचे भांडण झाले. माझे म्हणणे ती छत्री मागते आहे, त्याचे म्हणणे ती छत्री देते आहे. शब्दकोश त्याच्या हातात आहे आणि तो मला बघू देत नाही.